लांब व्हायचा धडा
ओल्या सोयाबीनचा वास आला की अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्याजवळची खोली आठवते. बायकोला मारल्याचा पहिलाच गुन्हा नोंदलेल्या पुरुषांचे वर्ग मी तिथे घ्यायचे. ‘राग आला की लांब व्हा’ हे माझं सांगणं एका तरुणाला लगेच पटलं. शेवटच्या दिवशी त्याची बायको सोबत आली. "आता कसं चाललंय?" मी तिला विचारलं. "आता मारत न्हाईत, मॅडम. राग आला की मला भाईर काढून कडी लावतेत." मागे उभा असलेला तो अगदी मनापासून म्हणाला, "तुमीच सांगितलं न्हवं का, लांब व्हायचं?" मी पुन्हा समजावलं, त्याने मान डोलावली आणि तिला गाडीवर बसवून घेऊन गेला. हल्ली मी ‘तुम्ही स्वतः बाहेर जा’ असं स्पष्ट सांगते. पण त्याचा वर्ग तेव्हाच संपला होता.