मारलं नाही म्हणून सत्कार

"हिला इथं मधे उभी करा," साहेब म्हणाले.

हिला म्हणजे मला. ओठ फुटलेला, डोळा सुजलेला. तशीच कोप्यांच्या, आमच्या पाचटाच्या झोपड्यांच्या, मधल्या मोकळ्या जागेत उभी केली. समोर बाजेवर शहरातले साहेब, कारखान्याच्या चेअरमनच्या बाई आणि आमचा मुकादम. खाली फुफाट्यात सगळा तळ बसलेला. साक्षरतेचे वर्ग निघाले त्या सुमाराची गोष्ट. आम्ही पाथर्डीकडून बेलापूरच्या बाजूला ऊसतोडीला आलो होतो.

आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको मार खाऊन आडवी झाली की कोयता मोडला, नवराही बसून. कारखान्याला ऊस कमी पडायला लागला तेव्हा कुठं आमच्या तोंडावरची सूज या लोकांना दिसली, आणि नवऱ्यांना न मारायला शिकवायला हे साहेब आणले.

साहेबांचं म्हणणं असं, की प्यालेल्या माणसाचं लक्ष राग आणणाऱ्या गोष्टीवर चिकटतं, दुसरं काही त्याला दिसत नाही. म्हणून लक्ष दुसरीकडं न्यायची सवय लावायची. त्यांनी बांबूला लाल फडकं बांधलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "तुला राग कशाचा येतो?"

"हिच्या तोंडाचा. लई चालतंय."

सगळे हसले. बाईही हसल्या.

"मग तू बोल, घरी बोलतेस तसं. आणि तू फडक्याकडं बघायचं."

थोडी घेऊन ये, असं साहेबांनीच त्याला सांगून ठेवलं होतं. तरच शिकवणं खरं ठरतं म्हणे. बाई म्हणाल्या, "अगं बोल ना, एरवी तर तुम्हा लोकांचं तोंड बंद होत नाही."

मग बोलले. पोरगी तापानं फणफणली होती, ते बोलले. दूध नव्हतं, ते बोलले. माझं खरं दुखणं, आणि लोक तमाशा बघावा तसे बघत होते. तो फडक्याकडं बघत राहिला. मारलं नाही.

टाळ्या पडल्या. बाईंनी त्याला टॉवेल, टोपी, नारळ दिला. चारचौघांत बायकोला मारलं नाही म्हणून सत्कार! मला म्हणाल्या, "आता तूही तोंड सांभाळ. तुमच्या बुद्धानंच सांगितलंय ना, शांत राहा." बुद्धाचा फोटो माझ्या कोपीत होता. मार खाणारीनंच शांत राहावं, असं त्याच्यापुढं बसवून मला कुणी शिकवलं नव्हतं. अंगाची लाही लाही झाली.

त्याच दिवशी दिवेलागणीला त्यानं मला बदडलं. दमला तसा त्या नव्या टॉवेलनं घाम पुसला.

आठवड्यानं साहेब परत येणार होते. त्या दुपारी मोळी सैल बांधली म्हणून मुकादमानं नवऱ्याला आईवरून शिव्या दिल्या. तो तेव्हाही प्यालेलाच होता. मान खाली घालून म्हणाला, "व्हय मालक, चुकलं." हात हलला नाही. मी मोळी डोक्यावर घेऊन बघत होते. म्हणजे याला सगळं जमतं. कुणाला मारायचं नाही, हे दारूतही त्याला बरोबर कळतं. संतापानं मला रडूच आलं.

साहेब आले, बाईही आल्या. साहेब म्हणाले, "चल, उभी राहा."

"म्या न्हाई उभी ऱ्हानार. माझ्या जागी मुकादमाला उभं करा. त्यांनी आईवरून शिव्या द्याव्या. ह्यो हात टाकतो का बघू. न्हाई टाकला, तर ह्याला शिकवायचं काय ऱ्हायलं?"

या वेळी कुणी हसलं नाही. बाई साहेबांना म्हणाल्या, "बघा, ही अशी तोंडाळ. मार खाणार नाही तर काय?" साहेबांनी मान डोलावली. तेवढं नवऱ्याला पुरलं. झिंज्या धरून त्यानं मला तिथंच पाडलं, लाथा घातल्या. बाजेवरचं कुणी उठलं नाही. उठली ती माझी विधवा नणंद, त्याची सख्खी बहीण. तिनं त्याला मागं ओढला.

पोरीला घेऊन मी नणंदेच्या कोपीत गेले. मुकादम म्हणाला, "दोन बायांचा कोयता नसतो." आम्ही दुसऱ्या मुकादमाकडं गेलो आणि दोघींनी मिळून ऊस तोडला. हात सोलून निघाले.

पुढच्या हंगामाला एक पाहुणा नवऱ्याचा निरोप घेऊन आला. दारू सोडलीय, आता नांदायला ये.

मी पाहुण्याला चहा दिला आणि सांगितलं, "सोडली ते बरं झालं, त्याच्या जिवाला बरं. पर मला दारूनं मारलं न्हाई, त्यानं मारलं. म्या येनार न्हाई. पोरगीबी धाडनार न्हाई."