होडी ओढेल अशी गाडी

ज्या वर्षी आम्ही गाडी घ्यायचं ठरवलं, त्या वर्षी बाबांची होडी अंगणात येऊन पडली होती. उरणच्या बाजूला खाडीकाठी माझं माहेर. घरापासून शंभर पावलांवर पाणी, आणि होडी तिथेच बांधलेली असायची. मग द्रोणागिरीच्या बाजूला गोदामं वाढत गेली, मुरुमाचे भराव पडले, रस्ता आला, आणि पाणी आमच्या दारापासून लांब गेलं. जवळचा धक्का आता चार किलोमीटरवर. तिथे होडी ठेवून बघितली, तर पहिल्याच वर्षी मागचं इंजिन चोरीला गेलं आणि मोठ्या बोटींनी घासून एक बाजू फुटली. बाबांनी ती दुरुस्त केली, दुसरं इंजिन घेतलं आणि होडी टेम्पोत घालून घरी आणली. त्यानंतर पाण्यात जायचं म्हणजे टेम्पो बोलवायचा, सहा माणसं गोळा करायची, होडी चढवायची, धक्क्यावर उतरवायची, आणि परत आल्यावर तेच सगळं उलट. आठवड्यातून पाच दिवस खाडीत जाणारा माणूस महिन्यातून दोनदा जायला लागला. बाकीचे दिवस ओट्यावर बसून जाळं शिवत बसायचा, न फाटलेलं सुद्धा.

मी तेव्हा पनवेलला एका बँकेत काउंटरवर होते. नवऱ्याचं ऑफिस बेलापूरला. तो मूळचा पुण्याचा, होडीत जन्मात एकदाच बसलेला, तेही गणेश विसर्जनाच्या वेळी. आम्ही दोघं आणि मुलगी एका स्कूटरवर फिरायचो. माझ्या डोक्यात आलं, की अशी एकच गाडी घ्यावी जी मुलीला शाळेत सोडेल, सणाला पुण्याला नेईल आणि बाबांची होडीही ओढेल. होडीखाली चाकांची ट्रॉली करायची, गाडीला मागे हूक लावायचा, की झालं. बाबांना सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले. मला तो होकार वाटला.

पहिल्या शोरूममध्ये मी सेल्समनला विचारलं, की ही गाडी मागे किती वजन ओढते. तो माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, "सर, सात माणसं आरामात बसतात. घाट चढते." मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा नवऱ्याला सांगितलं, की डिकी मोठी आहे. होडी डिकीत मावणार नाही, हे समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली. तेव्हा त्याने विचारलं, होडी किती किलोची आहे? ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी बाबांना फोन करून विचारलं तर म्हणाले, "चार मानसांना उचलत नाय, सा लागतात." म्हणजे किती किलो, असं विचारलं तर म्हणाले, तेच सांगितलं ना.

ट्रॉली आम्ही कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली, भंगारातल्या एका गाडीचा एक्सल वापरून. होडी टेम्पोत घालून तिथेच नेली, ट्रॉलीवर बसवली, टेम्पोने ओढत ट्रकच्या वजनकाट्यावर नेली, आणि टेम्पो सोडवून वजन घेतलं. आमच्यामागे सळ्यांनी भरलेले ट्रक हॉर्न वाजवत उभे. ट्रॉली, होडी आणि इंजिन मिळून सव्वाआठशे किलो भरले. बाबा काट्यावरच्या माणसाला सांगत होते की हे बरोबर नाही, जाळं कोरडं आहे, ओलं जाळं धर, मासळी धर, बर्फ धर. त्या माणसाने हात जोडले. मी वहीत हजार किलो लिहिलं.

तो आकडा घेऊन मी शोरूम पालथी घातली. शनिवारी अर्धा दिवस असायचा, तेव्हा दुपारी सुटले की मुंबई-पुणे रस्त्यावर जायचं आणि एकेका काचेच्या दारात शिरायचं. कुणी म्हणायचं मॅनेजरला विचारून सांगतो, आणि फोन यायचा तो कर्जाच्या चौकशीचा. कुणी म्हणायचं हूक बाहेरून बसवून घ्या, पण मग वॉरंटी संपली. एकाने तर विचारलं, मॅडम, होडी बघायला अलिबागला जाता येतं की, घरी कशाला ठेवता? ट्रॉलीच्या कागदांचं काय, हे एका एजंटला विचारलं तर त्याने डोकं खाजवलं आणि विचारलं, ट्रॅक्टरची आहे का? ट्रॅक्टरची असेल तर सांगा. तो प्रश्न शेवटपर्यंत नीट सुटलाच नाही.

मग मला वाटलं, उगाच विचारत बसण्यापेक्षा ओढूनच बघावं. बँकेतल्या एका मैत्रिणीच्या भावाकडे जुनी डिझेल गाडी होती, हूकसकट, आणि तो ती विकणार होता. एका रविवारी त्यालाच चालवायला बसवून आम्ही माहेरी गेलो. सपाट रस्त्यावर होडी अशी सुरेख मागे आली, की नवरासुद्धा वळून वळून बघत होता. धक्क्याच्या उतारावर त्याने ती सराईतपणे मागे घेतली आणि होडी पाण्यात उतरली. दुपारी बाहेर काढायची वेळ आली तेव्हा मात्र गाडीची पुढची चाकं शेवाळावर जागच्या जागी फिरायला लागली. ओढणारी चाकं पुढची, आणि सगळा भार मागे. गाडी वर चढायच्या ऐवजी वीतभर मागे सरकली. क्लचचा जळका वास धक्काभर पसरला. शेवटी माणसांनीच ढकललं. मी मोजली, आठ होती. म्हणजे टेम्पोच्या वेळेपेक्षा दोन जास्तच. मी बाबांना गाडी कशी वाटली विचारलं तर म्हणाले, "बग तू."

हे "बग तू" मला दर वेळी ऐकायला मिळायचं. पिकअप टेम्पो घ्यावा का विचारलं, "बग तू." तो नवऱ्याने खोडून काढला. आमच्या सोसायटीत मालवाहू गाडी उभी करू देत नव्हते, आणि मुलीला शाळेच्या दारात पिकअपमधून उतरायचं नव्हतं. ट्रॅक्टरबद्दल विचारलं तेव्हाही "बग तू." बाबा माझ्याबरोबर सगळीकडे यायचे, गाडीच्या टायरवर हात ठेवायचे, आत बसा म्हटलं तर बसायचे, आणि घरी परतताना खिडकीतून बाहेर बघायचे. चार महिने असे गेले. मला रात्री स्वप्नात हूक दिसायचे.

जुन्या पनवेलमध्ये एक गॅरेज होतं. तिथल्या चाचांकडे चारही चाकांना ताकद जाणारी एक जुनी जीप विकायला होती. छत ताडपत्रीचं, एसी नाही, मागे समोरासमोर बाकं. चाचा म्हणाले, "हिच्याकडून आराम मागू नका, बाकी काहीही मागा. जान आहे हिच्यात." त्यांनी ती मागच्या मोकळ्या जागेतल्या चिखलातून, मागे विटांनी भरलेली गाडी बांधून, ओढून दाखवली. एकदाही चाक घसरलं नाही. मी नवऱ्याकडे बघितलं. तो मनातल्या मनात पुण्याच्या प्रवासात आपल्या आईला मागच्या बाकावर बसलेली बघत असावा. तरी म्हणाला, "हीच ती."

मी बाबांकडे वळले. त्यांनी बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "बग तू."

तिथे माझा तोल गेला. चाचा समोर, नवरा शेजारी, गॅरेजमधली माणसं काम थांबवून बघतायत, आणि मी बापावर आवाज चढवला. म्हटलं, चार महिने मी सुट्टीचा एक दिवस घरी बसले नाही. तुझ्यासाठी चाललंय हे सगळं. तुला नको असेल तर नको म्हण, पण एकदा तोंड उघड.

बाबांनी हात काढून घेतला. मग खाली बघत म्हणाले, "गारी चांगली हाय, बाय. पन भरती काय आयतवार बगून येते?"

मला लगेच कळलं नाही. त्यांनीच सांगितलं. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. कधी पहाटे होडी लोटावी लागते, कधी दुपारी. ओहोटीला धक्क्याचा उतार चिखलात संपतो, तिथे होडी उतरत नाही. मंगळवारी सकाळी अकराला पाणी भरलं तर गाडी कोण आणणार? मी काउंटरवर, जावई ऑफिसात, गाडी पनवेलच्या पार्किंगमध्ये. आत्ता महिन्यातून दोनदा तरी टेम्पो येतो. आमची गाडी रविवारी येणार, तीही भरती जुळली तर.

चार महिने मी किलो, हॉर्सपॉवर आणि चाकं मोजत होते. गाडी चालवणार कोण, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. "मग आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"तू पयली गारी घेत होतीस," ते म्हणाले. "तुजी हौस. मी मधी कसा बोलू?"

मी चिडले होते, आणि आता चिडायलाही जागा उरली नव्हती. त्याचाच जास्त राग आला. चाचांनी सगळ्यांना चहा मागवला. चहा पिताना बाबा कुणाकडेच न बघता म्हणाले, "मना गारी शिकव."

तेव्हा ते साठ ओलांडलेले. सायकलसुद्धा मोठेपणी शिकलेले. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. बाबा चालवणार म्हणजे गाडी गावाला राहणार. म्हणजे आमच्याकडे गाडी नाही. मुलीला मी मागच्या सीटवर तिची बाजू कुठली हेसुद्धा ठरवून दिलं होतं. त्या रात्री नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, स्कूटर आहे की, अजून दोन वर्षं चालेल. हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं, याला त्या जीपमधून पुण्याला जायचं नाही म्हणून तर नाही? अजूनही कधीकधी वाटतं.

जीप घेतली. शिकवायला मीच, लायसन्स माझं कॉलेजातलं. रविवारी सकाळी गोदामांमधल्या रिकाम्या रस्त्यावर बाबा स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरायचे, जसं काही कुणी ते हिसकावून नेणार आहे. गिअर बदलताना खाली बघायचे. मी ओरडायचे, ते गाडी बंद पाडायचे. लर्निंग लायसन्स झालं, पहिल्या परीक्षेत बाबा नापास झाले. दुसऱ्या परीक्षेआधीच्या रविवारी मी ट्रॉली जोडून धक्क्यावर गेले, बाबा शेजारी. मला दाखवायचं होतं की ट्रॉली पाण्यात उलटी कशी न्यायची.

मलाच जमेना. डावीकडे न्यावी म्हणून चाक डावीकडे वळवलं की ट्रॉली उजवीकडे जायची. सावरायला गेलं की कात्रीसारखी दुमडायची. धक्क्यावरची माणसं हातवारे करून सूचना देत होती, प्रत्येकाची वेगळी. सात-आठ वेळा मी पुढे घेतली, मागे घेतली. पाणी उतरायला लागलं होतं. घामाने माझी ओढणी भिजली होती. शेवटी गाडी बंद करून मी कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

बाबा म्हणाले, "उतर."

मी उतरले नाही, बाजूला सरकले. बाबा फिरून आले, बसले, आरशात बघितलं, आणि गाडी हळूहळू मागे घेतली. ट्रॉली सरळ गेली. एकदा जरा वाकडी झाली तर त्यांनी उलट बाजूला चाक वळवलं आणि ती परत रेषेत आली. होडीची शेपटी पाण्यात टेकली तेव्हा धक्क्यावर हातवारे करणारे हात खाली आले होते. मी विचारलं, कसं जमलं? ते म्हणाले, "सुकानच हाय. दांडा उजवीकडं ढकल, होडी डावीकडं जाते. तू होडी कंदी चालवली नायस."

खरंच नव्हती चालवली. आमच्या घरात होडी मुलग्यांना शिकवत. मला शाळेत घातलं होतं.

दुसऱ्या परीक्षेत बाबा पास झाले. त्यानंतर ते त्यांच्या वेळेला जायचे, पहाटे, दुपारी, मंगळवारी, कधीही, आणि मला फोन करायचे परत आल्यावरच. मी काउंटरवर असायचे, रांग लागलेली असायची, फोन उचलता यायचा नाही. संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना, मुलगी पुढे उभी, पिशवी हँडलला, आणि मागून ट्रकचा हॉर्न, मला तेव्हा बाबांचा राग यायचा, आणि आपल्याला राग येतोय याचाही. जीपचा पत्रा खाऱ्या पाण्याने तीन वर्षांत खालून कुजला. चाचांनी दोनदा ठिगळं लावली. बाबा अजून तीच चालवत होते. आम्ही शेवटी गाडी घेतली ती लहानशी, पांढरी, शोरूममध्ये अर्ध्या तासात पसंत केलेली. घेऊन गावाला गेलो तेव्हा बाबांनी तिच्या भोवती एक फेरी मारली, मागच्या बाजूला वाकून हूक आहे का बघितलं, आणि आमच्या मुलीला म्हणाले, "चल, तुज्या शेजारी बसव मना."