नानांच्या स्टुडिओतली फ्रेलिया

खरं तर आम्ही नानांच्या फोटो स्टुडिओत गप्पा मारायला जायचो. कॅक्टसशी आमचा काही संबंध नव्हता. पण चार माणसांच्या मधे सुपारीएवढं काटेरी झाड ठेवलं की किस्से कसे साचत जातात, ते काही विचारू नका! ऐंशीच्या दशकातली रत्नागिरी. रोज संध्याकाळी मी, ड्रॉइंगमास्तर पाटकर आणि सुट्टीवर असला तर बोटीवरचा हसन, असे आम्ही तिथं ठाण मांडून. काउंटरवर नानांच्या पत्नी, माई.

* * *

हसनची बोट दक्षिण अमेरिकेला जाऊन आली. माईंना वाटलं, यानं सेंट आणलं असणार. हसननं पुडीतून काढलं काय, तर काट्यांचं एक बटण!

"उरुग्वेची फ्रेलिया, नाना. तिकडे खडकाच्या फटीत उगवते."

"मेल्या, एवढा दर्या ओलांडून निवडुंग आणलास?" माई कडाडल्या. "आमच्या कुंपणाच्या गडग्यावर काय कमी होता?"

नाना तोवर कुंडीत घालायच्या खड्यांसाठी जांभ्याचा चिरा फोडायलाही बसले होते.

* * *

उन्हाळ्यात कळी आली. आम्ही रोज वाकून वाकून बघायचो. एक दिवस कळी फुटली, तर आत फूल नाहीच! नुसती कापसासारखी लव आणि काळ्या बिया.

हसन म्हणाला, "हिची तऱ्हाच ही. कडक ऊन मिळालं तर दुपारी घटकाभर उमलते. नाहीतर बंद कळीतच बी धरते."

"अगो बाय!" माई म्हणाल्या. "लग्नाचा पत्ता नाही नि थेट बारसं!"

* * *

त्या बियांचं एक रोप पाटकरला मिळालं. पावसाळ्यात पाणी अजिबात घालायचं नाही, असं नानांनी बजावलं होतं. पाटकरच्या सासूबाई मात्र तुळशीबरोबर त्यालाही रोज तांब्याभर घालत.

एक दिवस पाटकर पडेल चेहऱ्यानं आला. "नाना, सगळं संपलं."

त्याचे सासरे बरेच दिवस आजारी होते. नानांनी झटकन शटर ओढलं, चपला घातल्या. "चल, मी येतो. कधी नेणार?"

"नेतोय कुठला! सकाळीच उकिरड्यावर फेकलं!"

* * *

पावसात आमची हवा म्हणजे ओला टॉवेल. फ्रेलिया कुजू नये म्हणून नाना तिला फोटोच्या मोठ्या दिव्याखाली ठेवायचे. हातखंब्याहून एक गृहस्थ पासपोर्ट फोटोसाठी आले, चिंब भिजलेले.

"जरा थांबा, हिचं होऊ दे," नाना म्हणाले.

गृहस्थांनी कुंडीकडे पाहिलं, खुर्ची सरकवली आणि तिच्या शेजारी दिव्याखाली बसले. "सावकाश होऊ द्या! मला काही घाई नाही."

* * *

मंडणगडकडचा एक तरुण मुंबईत नोकरीला होता. स्थळं बघायची म्हणून फोटो काढायला आला. नानांनी प्लास्टिकची फुलं हटवून शेजारच्या स्टुलावर फ्रेलिया ठेवली. मुलीकडून निरोप आला, "मुलगा पसंत आहे. पण त्यानं स्टुलावर भजं कशाला ठेवलंय?"

* * *

नानांना उमललेल्या फुलाचा फोटो हवा होता. पुढच्या उन्हाळ्यात कळी टपोरी झाली. नानांनी कुंडी खिडकीतल्या उन्हात खुर्चीवर ठेवली, समोर स्टँडवर कॅमेरा लावला. आणि नेमकं राजापूरच्या लग्नाचं काम आलं! "उमललं तर नुसतं बटण दाब," असं माईंना सांगून, दुसरा कॅमेरा घेऊन ते एस.टी.त बसले.

संध्याकाळी नाना परतले तेव्हा आम्ही सगळे हजर. "उमललं हो!" माई दारातच म्हणाल्या. "पिवळंधमक! झाडापेक्षा मोठं!"

कुंडीतलं फूल केव्हाच मिटलं होतं. नाना चहासुद्धा न घेता डार्करूममध्ये शिरले. बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि ओला प्रिंट आमच्यापुढं धरला.

फोटोत माई! खुर्चीत बसलेल्या, मांडीवर कुंडी, तोंडभर हसू. इतक्या वर्षांच्या संसारात नानांनी त्यांचा एकटीचा फोटो कधी काढला नव्हता.

"बटण कुणी दाबलं?" पाटकरनं विचारलं.

"मासेवाली जना आली होती, तिनं. मी मावत नव्हते, म्हणून स्टँडही तिनंच मागं ओढला."

"आणि फूल?" नाना म्हणाले.

फोटोत फुलावर माईंनी अलगद तळवा धरला होता.

"पंखा चालू होता ना! म्हटलं, वाऱ्यानं मिटायचं."

दुसऱ्या दिवशी शोकेसच्या मधोमध तोच फोटो, मोठा करून लावलेला. खाली नानांच्या अक्षरात: 'फ्रेलिया, उमललेली.'