न हलणारा आकडा

“मॅडम, तुमचा लिलाव बंद पडलाय का?”

आवाज अनोळखी होता. दुपारचा दीड वाजला होता आणि मी नुकताच डबा उघडला होता. राँग नंबर म्हणून ठेवणार, तेवढ्यात पलीकडून घाईघाईने आलं, “तुम्ही शीटवाल्या मॅडम ना? मी सोपानराव, चांदवडचा. बाळासाहेबांचा साडू. वणीला देवीचं दर्शन करून आलो, आता दिंडोरीत यांच्याकडं जेवायला थांबलोय. इथं लॅपटॉपवर तुमचा भाव दिसतो, तिथंच तुमचा नंबर सापडला. तासभर बघून राहिलो, आकडा हालतच नाय. आमच्याकडं कांद्याचा भाव दर ट्रॅक्टरला बदलतो. भाव हालत नाय म्हंजे लिलाव बंद, एवढंच आम्हाला कळतं.”

मला हसू आलं. ते फार वेळ टिकलं नाही, पण आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

अंबडच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं एमआयएस बघत होते. एमआयएस म्हणजे साहेब केबिनमध्ये येण्याआधी टेबलावर हवे असलेले आकडे. नोकरी सोडल्यावर मी लोकांना एक्सेल शीट बनवून द्यायला लागले. शेअर बाजारवाल्यांसाठी माझी एक शीट होती. ती दर तीन मिनिटांनी एका वेबसाइटवरून भाव आपोआप खेचून आणायची. अशी शीट वापरणारे माझे बारा क्लायंट होते. बाळासाहेब त्यांतले एक.

बाळासाहेब द्राक्ष बागायतदार. बागेतून वेळ काढून ते ऑप्शन विकायचे. ऑप्शन विकणं हे विमा विकण्यासारखं असतं. समोरच्याकडून थोडा हप्ता घ्यायचा आणि कबूल करायचं, की ठरलेल्या दिवसापर्यंत शेअर बाजाराचा निर्देशांक अमुक पातळीच्या वर गेला तर वरचा फरक मी भरीन. नाही गेला तर हप्ता आपला. गेला तर मात्र तोट्याला तळ नाही. निर्देशांक त्या पातळीपासून लांब असला की माझी शीट हिरवी दिसायची, जवळ आला की पिवळी, अगदी टेकला की लाल. बाळासाहेब त्या रंगाच्या भरवशावर बागेत फिरायचे.

त्यासाठी दलालाकडे अनामत ठेवावी लागते. ती अनामत कुठून आली हे मला माहीत होतं. बाळासाहेब आणि त्यांचा धाकटा भाऊ विलासराव यांनी कोल्ड स्टोरेज बांधायला मिळून पैसे बाजूला टाकले होते. त्यातलीच ती रक्कम, आणि विलासरावांना त्याचा पत्ता नव्हता. “पडून राहण्यापरीस चार पैसे मिळतात,” असं बाळासाहेब मला एकदा म्हणाले होते. मी चहा प्यायले आणि गप्प बसले. मला काय करायचंय, असा विचार केला.

तर, मी सोपानरावांना म्हणाले, “वरती रिफ्रेश लिहिलेलं बटण आहे. ते दाबा.”

“दाबलं.”

“वेळ बदलली का?”

“वेळ बदलली. भाव तोच हाय.”

मी माझ्या कॉम्प्युटरवर तीच शीट उघडली. माझ्याकडेही तोच आकडा. शेवटचं अपडेट एक वाजून चौतीस मिनिटं, रंग हिरवागार. मग मी ब्राउझरमध्ये ती वेबसाइट उघडली.

निर्देशांक कुठच्या कुठे होता. शीटमधला आकडा परवा संध्याकाळचा होता. दोन दिवसांत बाजार जो चढला होता, तो बाळासाहेबांच्या पातळीच्या पार वर निघून गेला होता. आणि त्यांच्या ऑप्शनचा आज शेवटचा दिवस होता. बाजार बंद व्हायला दोन तास उरले होते.

“सोपानराव, बाळासाहेब कुठे आहेत?”

“छाटणी चालू हाय ना. मजूर लावलेत, ते प्लॉटवर. फोन इथंच चार्जिंगला.”

“हा फोन चालू ठेवा आणि गाडीवरून त्यांच्याकडे जा. आत्ता.”

माणूस शहाणा. कशाला, असं विचारलं नाही. मोटारसायकलचा आवाज, वारा, कुत्र्याचं भुंकणं, सगळं मला फोनवर ऐकू येत होतं. तेवढ्या वेळात मी शीटच्या मागचा कोड उघडला.

वेबसाइटने परवा काहीतरी बदललं होतं. आधी सरळ भाव मागितला की मिळायचा. आता आधी मुख्य पानावर जाऊन तिथून एक छोटी ओळखचिठ्ठी घ्यावी लागत होती. तिला कुकी म्हणतात. चिठ्ठी नसेल तर दारातूनच परत. माझी शीट दोन दिवस चिठ्ठीशिवाय जात होती आणि हात हलवत परत येत होती. वेबसाइटी असे बदल न सांगता करतात. त्यांची वेबसाइट, त्यांची मर्जी.

मला धक्का बसला तो पुढच्या ओळीने. ती मी स्वतः लिहिलेली होती. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट.’ अर्थ असा, की काही चुकलं तरी थांबू नकोस, बोलू नकोस, पुढे चल. म्हणजे भाव मिळाला नाही की शीट जुनाच भाव ठेवून पुढे जात होती. आणि शेजारी जी वेळ छापत होती, ती वेबसाइटची नव्हतीच. ती कॉम्प्युटरच्या घड्याळाची होती. परवाचा भाव आणि त्याच्यावर आत्ताच्या वेळेचा शिक्का! हे मीच करून ठेवलं होतं. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या रिपोर्टमध्ये चुका काढणाऱ्या बाईने.

“बोला मॅडम.” बाळासाहेबांचा आवाज आला. मागे कुणीतरी कात्र्या मोजत होतं.

“बाळासाहेब, शीटवरचा भाव खोटा आहे. परवाचा आहे.”

“हिरवं दिसून राहिलं की. सकाळी जाताना पाह्यलं मी.”

“ते हिरवं खोटं आहे.”

मग ते हळूच म्हणाले, “मला वाटलं भाव धरून हाय. आमचा द्राक्षाचा सौदा एकदा झाला, की काढणीपर्यंत रेट तोच ऱ्हातो. आकडा हालला नाय तर आम्ही खूश असतो.”

“खरा आकडा ऐका.” मी ब्राउझरमधला आकडा वाचून दाखवला. घ्या किंवा विका असं मी कुणाला सांगत नाही, तो माझा धंदा नाही. तेव्हाही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, “पुढचं तुमचं तुम्ही ठरवा, पण आधी दलालाला फोन लावा.”

त्यांनी सोपानरावांच्याच फोनवरून लावला. दोनच्या सुमारास, विकलेले ऑप्शन परत विकत घेऊन, त्यांचा सौदा कापला गेला. तोटा झाला, आणि चांगलाच झाला. अनामतीतला मोठा तुकडा गेला. त्यानंतर बाजार बंद होईपर्यंत निर्देशांक आणखी वर गेला. सोपानराव तासभर उशिरा जेवायला आले असते तर काय झालं असतं, हा हिशोब मी अजूनही केलेला नाही.

डबा तसाच राहिला. कारण मला आठवलं, की तीच ओळ बाकीच्या अकरा शीटमध्येही होती. कॉपी-पेस्ट. मी एकेकाला फोन लावत गेले. काहींनी शीट कित्येक महिन्यांत उघडलीच नव्हती, देव त्यांचं भलं करो. एक म्हणाले, “अच्छा, तरीच बाजार एवढा शांत!” आणि गंगापूर रोडचे एक रिटायर्ड प्रोफेसर म्हणाले, “हो, कालच माझ्या लक्षात आलं. म्हटलं, तुम्हाला ठाऊकच असेल.” मी फोन ठेवून कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी मी दिंडोरीला गेले. फोनवर उरकण्यासारखी ही गोष्ट नव्हती. वाटेत स्कूटरवर काय बोलायचं ते घोकत होते. ‘वेबसाइटने न सांगता बदल केला, त्यामुळे डेटा आला नाही.’ वाक्य खरं होतं. मला ते पसंत पडलं होतं.

पडवीत दोघे भाऊ आणि सोपानराव बसले होते. बाळासाहेबांनी विलासरावांना सगळं सांगून टाकलं होतं, हे चेहऱ्यांवरूनच कळलं. विलासराव ओरडत नव्हते. वहिनींनी मला पाणी आणून दिलं.

मग विलासरावांनी विचारलं, “दादा, तोटा झाला म्हणून सांगितलं. फायदा झाला असता तं सांगितलं असतं का तुम्ही?”

बाळासाहेब खाली बघत राहिले. सोपानरावांनी उगाच घसा खाकरला.

मी मात्र हादरले. प्रश्न मला नव्हता, पण लागला मला. आज शीट नुसती बंद पडली असती आणि कुणाचं काही बिघडलं नसतं, तर त्या ओळीबद्दल मी कुणाला सांगितलं असतं का? गुपचूप दुरुस्त करून मोकळी झाले असते. घोकलेलं वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

“विलासराव, चूक वेबसाइटची नाही,” मी म्हणाले. “एरर येत होती. ती दिसू नये अशी सोय मीच केली होती.”

“का पण?”

“एरर दिसली की लोक मला फोन करतात. त्याचा मला कंटाळा आला होता.”

इतकं लाजिरवाणं वाक्य मी उभ्या आयुष्यात बोलले नसेन. विलासराव माझ्याकडे बघतच राहिले. मग भावाकडे बघून म्हणाले, “म्हंजे तुम्ही दोघं सारखेच.”

मी शीटचे घेतलेले पैसे परत दिले. बाळासाहेबांनी ते निमूटपणे घेतले, ते बरंच झालं. कोल्ड स्टोरेजचं काम एक वर्ष पुढे ढकललं. दलालाच्या खात्यावर आता दोघा भावांची नजर असते.

नवी शीट भाव मिळाला नाही तर सगळे आकडे पुसते आणि मोठ्या अक्षरांत लिहिते, ‘भाव मिळालेला नाही.’ वेळही वेबसाइटने दिलेलीच छापते. आठवड्यातून एकदा तरी ती बंद पडते. क्लायंट वैतागतात. दोघांनी तर ‘पहिली शीट बरी होती हो, कधी बंद पडायची नाही’ म्हणून जुनी परत मागितली. मी दिली नाही.

बंद पडलेल्या शीटला लोक शिव्या देतात आणि बंद पडून चालू दिसणाऱ्या शीटवर विश्वास ठेवतात. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.