शेवटचं वाक्य कुणाचं

दिगंबररावांनी सही करायला नकार दिला, तेव्हा पुस्तकाची पानं लागून छपाईला तयार झाली होती.

मी लातूरच्या एका छोट्या प्रकाशनात संपादक आहे. लग्नावरच्या जुन्या, गाजलेल्या प्रेमकथांचा संग्रह आम्ही काढत होतो. त्यातली सगळ्यात लाडकी कथा एका नवरा-बायकोनं मिळून लिहिलेली. अशा कथेचा कॉपीराइट, म्हणजे छापू देण्याचा हक्क, दोघांचा असतो. एकाची सही पुरत नाही. अडचण एवढीच, की दिगंबरराव आता लातुरात राहतात आणि त्यांच्या पत्नी सुमतीबाई नांदेडला. बरीच वर्षं बोलणं नाही.

कथेत रुसून माहेरी गेलेली बायको परत येते आणि शेवटी म्हणते, 'आले म्हणजे माफ केलं, असं समजू नका.' हे वाक्य काढा, मग सही करतो, असं दिगंबररावांचं म्हणणं. ते सुमतीबाईंनी लिहिलंय आणि आपल्याला टोचायलाच लिहिलंय, याची त्यांना खात्री होती.

आमचे मालक आप्पा म्हणाले, "मग काढून टाका की. एका वाक्यानं काय बिघडून राहिलंय?"

मी सांगितलं, ते काढलं तर कथाच उरत नाही. शिवाय काढायलाही दोघांची परवानगी लागेल. आप्पांनी नांदेडची बस कधी आहे ते विचारलं.

सुमतीबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. काही वेलांट्या दुरुस्त केल्या. मग मी दिगंबररावांची अट सांगितली.

"ते वाक्य माझं नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचं आहे. मला ते सुचलंच नसतं. मी तेव्हा माफ केलेलं होतं."

आणि सही केली. चहा दिला. नवऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही.

लातूरला आल्यावर मी हे शब्द दिगंबररावांना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी प्रूफचं शेवटचं पान उघडलं. मग म्हणाले, "राहू द्या वाक्य. फक्त नावं छापताना तिचं आधी घाला." आणि पेन मागितलं.

पुस्तक निघालं. लेखकांच्या प्रती आम्ही कुरियरनं पाठवतो. दिगंबरराव स्वतः ऑफिसात आले आणि दोन्ही प्रती मागितल्या. नांदेडची मी नेऊन देतो, म्हणाले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. दार उघडलं का, काय बोलणं झालं, मला माहीत नाही. प्रत परत आली नाही.

आता दोघांनी लिहिलेली कथा असली, की ती निवडायच्या आधीच मी दोघांना भेटून येते.