दुसऱ्या परबांच्या फायलीत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय? नीटसं कळत नाही. गेला महिनाभर एका जागी बसवत नाही, एवढं मात्र खरं.

दादरला माझं ऑफिस आहे. परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज, व्हिसा, नामंजुरी आली तर पुढची धावपळ — हे माझं काम. मी मूळची लालबागची. बारावीत असताना चाळीतल्या गल्फला निघालेल्यांचे फॉर्म भरून द्यायचे, कारण अक्षर बरं आणि इंग्रजी त्यातल्या त्यात बरं. मग लॉ केलं, फोर्टला एका सिनियरकडे सात वर्षं घासली आणि स्वतःची पाटी लावली. लोक मला ‘फॉरेनची वकील’ म्हणतात. मला ते आवडतं — कशाला नाही म्हणू? मॅडमकडे कागद दिला की निवांत झोपा, असं काळाचौकीपासून अँटॉप हिलपर्यंत लोक एकमेकांना सांगतात.

तर परब. नाही, थांबा. आधी तारखांचं सांगायला हवं.

आपल्याकडे पोराला पहिलीत घालताना वय सहा-आठ महिने कमी पडलं, की बाप हेडमास्तरांना गाठायचा आणि मास्तर एक जून लिहून टाकायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. वर्ष वाचलं म्हणून पेढे वाटायचे उलट! परबांनीही तेच केलं. काळाचौकीत राहणारा, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करणारा साधा माणूस. मुलगी श्वेता गावी, आजोळी जन्मली होती फेब्रुवारीत. शाळेत तिची तारीख लागली आदल्या जूनची. पुढे पासपोर्टही त्याच तारखेवर निघाला.

परबांच्या अमेरिकेतल्या बहिणीने भावासाठी अर्ज केला होता. असे अर्ज वर्षानुवर्षं रांगेत असतात. नंबर लागेपर्यंत मूल एकवीसच्या आत असेल तर आईबापाबरोबर जातं, नाहीतर त्याचं नाव कापलं जातं. परबांचा नंबर दिवाळीच्या सुमाराला लागेल अशी चिन्हं होती. कागदावर श्वेता जूनमध्येच एकवीसची होत होती. खरी होणार होती त्यापुढच्या फेब्रुवारीत.

हे माझ्याच लक्षात आलं होतं. हुशारच ना मी! मीच परबांना सांगितलं, गावच्या ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला आणा, आपण पासपोर्टवरची तारीख दुरुस्त करून घेऊ. ते शिमग्याला गावी गेले, ग्रामसेवकाकडे चार खेपा घातल्या आणि दाखला घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत, वर रुमाल गुंडाळून. मी तो हातात घेतला. वाचला. ठेवून दिला.

कुठे? इथेच तर सगळं आहे. माझ्याकडे फायली आडनावावर लागतात आणि माझे निम्मे लोक कोकणातले. त्या वर्षी कपाटात चार परब होते. मी फोनवर बोलत बोलत दाखला भलत्याच परबांच्या फायलीत सरकवला. तेवढ्यावर थांबलं असतं तर ती चूकच म्हणता आली असती. पण एप्रिल गेला, मे गेला, मी दुरुस्तीचा अर्ज केलाच नाही. करायचाय, करायचाय म्हणत राहिले. परबांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणाले. हा शब्द आमच्या धंद्यात फार सोयीचा आहे.

दिवाळीत नंबर लागला. श्वेताचं नाव कापलं गेलं.

परब, त्यांची बायको आणि श्वेता, तिघं ऑफिसात आली. मला दाखला आठवत होता, सापडत नव्हता. खरं सांगायला किती वेळ लागला असता? एक मिनिट? मी म्हणाले, दाखला पासपोर्ट ऑफिसात दिला होता, पण चालला नाही. शाळेतली तारीख एकदा लागली की लागली.

परब खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, “म्हंजे ह्या माझ्यामुळेच झाला.”

आणि मी म्हणाले, “त्या वेळी तुम्हाला तरी काय माहीत.”

बघा, किती समजूतदार वाक्य आहे! ते ऐकून श्वेता उठून बाहेर गेली. बापाशी न बोलता.

पुढे नवराबायको अमेरिकेला गेले, कारण तिथून मुलीसाठी अर्ज करता येईल, असं मीच सुचवलं होतं. श्वेता काळाचौकीच्या खोलीत एकटी राहिली. चारेक महिन्यांनी दुसऱ्या परबांची फाईल उघडली आणि दाखला समोर आला. मी तो पर्समध्ये घालून घरी नेला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला.

अर्ज केला असता तर तारीख बदलून मिळालीच असती का? कुणी सांगावं, असं मी स्वतःला बरीच वर्षं बजावलं. पण मी अर्जच केला नव्हता. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

गेल्या महिन्यात परब तिकडेच वारले. श्वेताचा व्हिसा वेळेत झाला नाही. दहनाच्या वेळी आईने फोन समोर धरला, ते तिने इथून पाहिलं. त्यानंतर ती माझ्याकडे आली, आईला परत आणायचं विचारायला. मी सगळं समजावलं, चहा मागवला. उठता उठता ती म्हणाली की बाबा जाईपर्यंत ती त्यांच्याशी नीट बोलली नव्हती. फोन आला की आईला द्या म्हणायची. त्या एका तारखेचा राग होता. मग दारात थांबून तिने विचारलं, “मॅडम, तेव्हा खरंच काही करता आलं नसतं?”

मी म्हणाले, “नाही.”

करता आलं असतं. तिच्या बापाने त्याच्या हातातलं सगळं केलं होतं. मी केलं नाही, आणि परवाही, ती समोर उभी असताना, मी ते त्याच्यावरच ढकललं.