पाठीमागचा मॉनिटर

मी भूलतज्ज्ञ आहे. बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालणं हे माझं रोजचं काम, आणि त्या कामाची मला कधी भीती वाटली नव्हती. २०२१ च्या जानेवारीत, आयर्लंडमधल्या किलकेनी गावात, ज्या हॉस्पिटलात मी नोकरी करत होतो तिथेच कोविडचा पेशंट म्हणून पडलो, तेव्हा मात्र त्या नळीच्या नुसत्या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं. डिसेंबरपासून मी कितीतरी जणांना नळी घातली होती. घालण्याआधी त्यांना फोनवर घरच्यांशी बोलायला देत असे आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत उभा राहत असे. त्यांतले काही पुन्हा बोलले, काही नाही. आता बायको आणि सात वर्षांची लेक घरात विलगीकरणात, भेटायला कुणाला परवानगी नाही, आणि मला ठाऊक होतं की ऑक्सिजन आणखी घसरला तर माझाच एखादा सहकारी माझ्या हातात फोन देईल.

मिरजेहून आई रोज फोन करायची. "महाराजांवर सोड बाळा," एवढंच म्हणायची. आमच्याकडे दत्ताची उपासना. लहानपणी दर पौर्णिमेला ती मला नरसोबाच्या वाडीला न्यायची. तिथे मूर्ती नाही, पादुका आहेत. एकदा मी तिला विचारलं होतं की देवाचं तोंड कुठाय? ती म्हणाली, "तोंड बघून काय करतोस? पाय आहेत म्हणजे उभा आहे." पुढे मी डॉक्टर झालो, शहाणा झालो, आणि जे मोजता येतं तेवढ्यावरच विश्वास ठेवू लागलो. त्या आठवड्यात तर आईचं 'सोड' ऐकून मला राग यायचा. काय सोडू? कुणावर? एकदा मी तिला फोनवर फाडकन म्हणालो, "आई, देव काय मॉनिटर बघत बसलाय का माझा?" त्या बोलण्याची टोचणी मला अजून आहे.

मॉनिटरचंच वेड लागलं होतं मला. तो पलंगाच्या उशाशी, भिंतीवर. डॉक्टर पेशंट झाला की असा मूर्खपणा करतो. दुसरा कुणी करणार नाही. मला पालथं झोपायला सांगितलं होतं, कारण तसं झोपलं की फुप्फुसाचा मागचा भाग उघडतो. हे मीच इतरांना शंभरदा समजावलं होतं. पण पालथा झालो की आकडा दिसायचा नाही. मग मी कोपरावर उठून मान वळवायचो, नाकातली ऑक्सिजनची नळी सरकायची, आकडा आणखी खाली जायचा, तो खाली गेलेला बघून माझं काळीज धडधडायचं, आणि मी पुन्हा वळायचो. शेवटी बायकोच्या वयाच्या एका आयरिश नर्सने मॉनिटर गर्रकन फिरवून नर्सेसच्या काचेच्या खोलीकडे तोंड करून ठेवला. "नाऊ, डॉक्टर. आम्ही बघतोय. तुम्ही फक्त झोपा. यू आर ग्रँड." ग्रँड म्हणजे इकडच्या बोलीत 'ठीक.' मी अजिबात ग्रँड नव्हतो. आकडाही गेल्यावर मी आंधळा झाल्यासारखा घाबरलो.

शेजारच्या पलंगावर पन्नाशीचा एक कोरियन गृहस्थ होता. वॉर्डात सगळे त्याला 'कोच' म्हणायचे. बायको इथली, म्हणून तो इथे स्थायिक झालेला. ज्या गावात हर्लिंग या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाशिवाय दुसऱ्या खेळाचं नाव काढलं तर लोक कीव करतात, तिथे हा मुलांना फुटबॉल शिकवायचा. तो माझ्याआधी दाखल झाला होता आणि आता बरा होत होता. दिवसभर खुर्चीत बसायचा आणि दमलेल्या आवाजात, थांबत थांबत, मला त्याची कहाणी सांगायचा. भीतीपुढे मी अर्धीच ऐकत असे, पण अजून सगळी लक्षात आहे.

त्याचे वडील बंदरात जहाजं रंगवत. शाळेत तो उंच, म्हणून त्याला बचावात उभं केलं. पुढे मायदेशाच्या लीगमध्ये तो चौदा वर्षं सेंटर-बॅक म्हणून खेळला. राष्ट्रीय संघाच्या सरावाला एकदा बोलावणं आलं, सामना मात्र मिळाला नाही. "चौदा वर्षांत मी काय काय अडवलं, ते कुणाला आठवत नाही," तो म्हणाला. "अडवलं म्हणजे काही घडलंच नाही ना." हे ऐकून मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. आमचंही तसंच असतं. शस्त्रक्रिया नीट झाली तर भूल कुणी दिली हे पेशंटला ठाऊकही नसतं.

पण त्याची एक गोष्ट सगळ्यांना आठवत होती. हंगामाचा शेवटचा सामना, हरलं तर संघ खालच्या गटात जाणार. एक साधा उंच चेंडू आला. गोलकीपर पुढे येतोय की नाही हे बघायला यानं मान मागे वळवली. तेवढ्यात चेंडू याच्याच टाचेला लागून जाळ्यात गेला. संघ खाली घसरला. लोक वर्षभर त्याच्या घराच्या दारावर काहीबाही लिहून जात. मैदानावर गोलकीपर त्याच्याजवळ आला, मानेवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी होतो ना मागे. तू वळलास कशाला?" नंतरची तीन वर्षं, गुडघा निकामी होईपर्यंत, तो कधी वळला नाही. तो गोलकीपर संपूर्ण सामनाभर मागून ओरडायचा, "क्वेन्चाना!" म्हणजे 'ठीक आहे.' त्या आवाजावर तो खेळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी अवस्था बिघडली. अतिदक्षता विभागातला माझा डॉक्टर मित्र येऊन गेला. संध्याकाळपर्यंत पालथं राहून बघू, नाहीतर नळी घालावी लागेल, असं त्यानं सांगितलं. सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता. त्याचा अर्थ माझ्याइतका कुणाला कळणार? मी बायकोला फोन लावला आणि लेकीच्या शाळेच्या कपाटाची किल्ली कुठे आहे असलं काहीतरी बोललो, कारण जे बोलायचं होतं ते तोंडातून निघेना.

तेव्हा कोच खुर्ची ओढून पडद्याशी आला. "डॉक्टर, पालथे व्हा. पडद्याच्या फटीतून मला तुमचा मॉनिटर दिसतो. आकडे सांगणार नाही, मला त्यातलं कळत नाही. पण मी बघतो, आणि बोलत राहतो. तुम्ही वळायचं नाही." मी पालथा झालो. गाल उशीवर, तोंड त्याच्या बाजूला. पडदा जवळजवळ जमिनीपर्यंत आलेला. मला दिसत होते ते फक्त त्याचे पाय. निळ्या रबरी सपातांतले, रुंद, वाकड्या बोटांचे, एका अंगठ्याला नखच नसलेले.

"क्वेन्चाना," मागून नाही, बाजूने आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. मी श्वास मोजायचं सोडलं आणि त्या शब्दाची वाट बघू लागलो. मध्येच माझा अलार्म वाजला. तो आवाज मी पंधरा वर्षं ऐकत आलोय. त्याच्या प्रत्येक सुराचा अर्थ मला ठाऊक आहे. मी कोच काही म्हणेल म्हणून कान लावला, पण तो गप्प. एक क्षण, दोन, किती कोण जाणे. मी कोपर रोवलं, मान उचलली, आणि नजर पडद्याखाली गेली. पाय तिथेच होते. आता दोन्ही टाचा घट्ट टेकलेल्या, तो उठून उभा राहिला होता. पाय आहेत म्हणजे उभा आहे. आईचा आवाज इतका स्पष्ट आला की मी रडायला लागलो, आणि रडत रडत पुन्हा गाल उशीवर टेकवला. महाराज, तुम्ही बघा, असं मनात म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी कशावरचा तरी हात सोडला. नर्स धावत आली, तिनं काहीतरी नीट केलं. मग आवाज आला, जरा कापरा. "क्वेन्चाना."

साडेचारला बाहेर अंधारू लागलं तेव्हा मित्र पुन्हा आला. बराच वेळ मॉनिटरसमोर उभा राहिला, मग माझ्या पाठीवर थोपटून म्हणाला, "आज नको. असाच पडून राहा." माझा जीव भांड्यात पडला. नळी त्या दिवशी घातली नाही, आणि नंतरही लागली नाही.

पाच दिवसांनी मी पहिल्यांदा चालत त्याच्या पलंगापर्यंत गेलो. तो घरी जायच्या तयारीत कपडे भरत होता. दम लागला म्हणून त्याच्या खुर्चीत बसलो, सहज फटीतून पाहिलं. तिथून माझ्या मॉनिटरची काळी पाठ आणि लोंबणाऱ्या वायरी दिसत होत्या. बाकी काही नाही.

"तुम्हाला काहीच दिसत नव्हतं?"

"काहीच नाही," तो लाजून म्हणाला. "नर्सेस बघत होत्या. नीट बघत होत्या. मी फक्त बोलत होतो."

"आणि अलार्म वाजला तेव्हा?"

"तेव्हा मीपण घाबरलो. आवाजच फुटेना. म्हणून उभा राहिलो." मग सपाता पिशवीत ठेवता ठेवता म्हणाला, "आमच्या गोलकीपरला मी एकदा विचारलं होतं, एवढ्या गर्दीत तुला चेंडू दिसतो कसा. तो म्हणाला, पुष्कळदा दिसत नाही. पण मी आहे हे तुला कळायला हवं ना."

घरी आल्यावर पहिला फोन आईला केला. त्या दिवशी फटकन बोललो त्याची माफी मागितली. तिला पाय सांगितले, नखाशिवायचा अंगठासुद्धा. ती हसली आणि म्हणाली, "बरं, नमस्कार केलास का?" केला नव्हता. मग कोचच्या घरी गेलो तेव्हा केला. तो बिचारा गोंधळला आणि उलट मलाच वाकून नमस्कार करू लागला.

मी कामावर परतलो आहे. हे घडलं त्यात चमत्कार किती आणि औषध किती, हे मी मोजत नाही. भूल देताना आमची जागा पेशंटच्या डोक्यामागे असते. त्याला आमचा चेहरा दिसत नाही. पूर्वी मी त्यांना दहापर्यंत आकडे मोजायला सांगायचो. आता त्यांच्या कपाळावर हात ठेवतो आणि म्हणतो, "वळून बघू नका. मी इथेच उभा आहे."